नॅचरल फूडच्या दुकानातून काय घ्यावं आणि काय तिथेच ठेवावं

मैत्रिणींकडून एक प्रश्न मला सारखा येतो, की आम्ही आता साधं सुपरमार्केट सोडलंय, सगळं नॅचरल फूडच्या दुकानातूनच आणतो, म्हणजे आता पाकिटं वाचत बसायची गरज नाही ना? आणि मला दरवेळी सांगावंसं वाटतं की अगं, उलट तिथेच जास्त वाचायला हवं. साध्या दुकानात बिस्किटाचा पुडा उचलताना आपल्याला माहीत असतं की हे बिस्किट आहे, जपून खायचंय. इथे तोच पुडा खाकी कागदात, वर हिरवं पान छापलेला, लाकडी फळीवर ठेवलेला असतो आणि आपण निर्धास्त होऊन दोन उचलतो. पोटात गेल्यावर साखर ती साखरच, मीठ ते मीठच. दुकान कुठलं होतं हे शरीराला कळत नाही. हे प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते, लांबेल थोडं.

आधी सांगते की मला ही दुकानं आवडतात. तिथे जे चांगलं मिळतं ते खरंच चांगलं असतं, त्याबद्दल खाली लिहिलंय. फक्त दुकानावरची पाटी बघून आतल्या प्रत्येक वस्तूवर विश्वास टाकू नका एवढंच म्हणणं आहे. ‘नॅचरल’ या दाव्याची पक्की कायदेशीर व्याख्या एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनेसुद्धा अजून केलेली नाही. त्यांचं जुनं धोरण साधारण एवढंच म्हणतं की त्या पदार्थात सहसा अपेक्षित नसलेलं कृत्रिम काही घातलेलं नसावं. तो पौष्टिक आहे का, त्यात साखर किती, मीठ किती, यावर त्यात एक अक्षर नाही. ‘सुपरफूड’चं तर त्याहून सोपं, युरोपियन युनियनमध्ये २००७पासून मंजूर आरोग्य-दावा सोबत नसेल तर हा शब्द नुसता जाहिरातीसाठी वापरता येत नाही, यावरून काय ते समजा.

तर पहिलं काम, पाकीट हातात घेतलं की उलटं करायचं. पुढची बाजू विकणाऱ्याने सजवलेली असते, मागची त्याला कायद्याने लिहावी लागते. मागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जे सगळ्यात जास्त घातलंय ते सगळ्यात आधी. पहिल्या तीन नावांत साखर कुठल्याही रूपात दिसली की ती वस्तू मिठाई आहे असं समजायचं, मग तिला ग्रॅनोला म्हणा, एनर्जी बार म्हणा नाहीतर फ्रूट बाइट्स म्हणा. आणि इथे एक चलाखी असते जी बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. साखर एकाच नावाने घातली तर ती यादीत पहिली येईल, म्हणून थोडी ऊसाची साखर, थोडं राइस सिरप, थोडा मध, थोडं सफरचंदाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट असं वाटून घालतात, मग प्रत्येक नाव खाली सरकतं आणि वर छान ओट्स दिसतात. चारही एकत्र मोजा, चित्र बदलतं.

साखर किती चालते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की ‘फ्री शुगर’ दिवसाच्या एकूण कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी बरं. दिवसाला २,००० कॅलरी धरल्या तर १० टक्के म्हणजे साधारण ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, एक चहाचा चमचा साखर म्हणजे अंदाजे ४ ग्रॅम, तेव्हा २५ ग्रॅम म्हणजे जेमतेम सहा चमचे. आणि या फ्री शुगरमध्ये मध येतो, सगळी सिरपं येतात, फळांचा रस आणि त्याचं कॉन्सन्ट्रेटही येतं. अख्खं फळ येत नाही. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगते कारण "मी साखर बंद केली, आता फक्त मध आणि अगावे" (अगावे म्हणजे त्या नावाच्या झाडापासून काढलेलं गोड सिरप) असं सांगणाऱ्या माझ्या ओळखीत बऱ्याच आहेत, आणि त्यांना खरंच वाटतं की आपण साखर सोडली. अगावे सिरपमध्ये तर बहुतांश फ्रुक्टोज असतं, त्यामुळे रक्तातली साखर पटकन वाढत नाही हे खरं, पण जास्त फ्रुक्टोजचा भार मुख्यतः यकृतावर पडतो. ब्राउन शुगर म्हणजे बहुतेक वेळा पांढऱ्या साखरेतच थोडी मळी ठेवलेली किंवा परत मिसळलेली असते. चवीसाठी घ्यायची तर खुशाल घ्या, मध मलाही आवडतो, पण मोजताना साखरेच्याच खात्यात धरा. आणि घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटही चाटवू नका, कितीही शुद्ध आणि जंगलातला असला तरी, कारण मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू सुप्त रूपात असू शकतात आणि इतक्या लहान बाळाच्या आतड्याला ते आवरता येत नाहीत.

ब्राउन राइस सिरपचं आणखी एक आहे. भातपीक जमिनीतलं आणि पाण्यातलं आर्सेनिक बऱ्यापैकी ओढून घेतं आणि ते कोंड्यात जास्त साठतं, म्हणून ब्राउन राइसमध्ये पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त सापडतं. २०१२मध्ये अमेरिकेतल्या डार्टमाउथच्या संशोधकांनी ऑरगॅनिक ब्राउन राइस सिरप घातलेली काही उत्पादनं तपासली तर त्यात आर्सेनिक आढळलं, त्यात लहान मुलांचा फॉर्म्युलाही होता. सेंद्रिय असण्याचा इथे काही उपयोग नाही, कारण आर्सेनिक मातीत आणि पाण्यातच असतं. घाबरून भात सोडू नका, फक्त लहान मुलांना रोज राइस केक, राइस सिरपचे बार आणि राइस ड्रिंक असं तिन्ही देत असाल तर धान्यं बदलत राहा.

आता ऑरगॅनिक. यावर लोक दोन टोकांना जातात, एक म्हणतं सगळी फसवणूक, दुसरं म्हणतं ऑरगॅनिक नसेल तर विष. दोन्ही मला पटत नाही. ऑरगॅनिकला नॅचरलसारखं मोकळं रान नाही, त्याला प्रमाणपत्र लागतं, तपासणी लागते. यूएसडीएची, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याची खूण असेल तर त्यातले किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात, ‘मेड विथ ऑरगॅनिक’ असं लिहायचं तर किमान ७० टक्के. पण ते प्रमाणपत्र पिकवण्याच्या आणि बनवण्याच्या पद्धतीचं असतं. सेंद्रिय साखर आणि सेंद्रिय मैदा वापरून केलेली सेंद्रिय कुकी ही कुकीच राहते ना! आणि सेंद्रिय शेतीत कुठलंच कीटकनाशक वापरत नाहीत हेही खरं नाही, तांब्याचे काही क्षार वगैरे ठरावीक गोष्टींना परवानगी असते. २०१२मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तोपर्यंतचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असल्याचा ठोस पुरावा सापडला नाही, कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी आढळले. माझं मत विचाराल तर परवडत असेल तर जरूर घ्या, मातीसाठी घ्या, शेतात फवारणी करणाऱ्या माणसांसाठी घ्या. पण सेंद्रिय महाग पडतंय म्हणून घरात भाजी आणि फळंच कमी यायला लागली असतील तर तो तोटा फार मोठा आहे. साधी भाजी आणा, वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि भरपूर खा.

मिठाचं थोडक्यात सांगते. गुलाबी मीठ, समुद्री मीठ, सगळ्यात जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं, बाकीची खनिजं इतकी कमी की ती पुरेशी मिळवायची तर मीठच घातक ठरेल इतकं खावं लागेल. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सगळ्या रंगांच्या मिठाला लागू आहे. पण या मिठांत सहसा आयोडीन घातलेलं नसतं ही खरी अडचण आहे. आयोडीन कमी पडलं तर थायरॉइडवर परिणाम होतो आणि गरोदरपणात कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर होतो, तेव्हा घरातलं रोजचं मीठ बदलायच्या आधी पाकिटावर ‘आयोडाइज्ड’ आहे का बघा. आणि ते ‘लो सोडियम’ मीठ असतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये.

लेबलवरचे आकडे बघून गोंधळ होतो म्हणणाऱ्यांसाठी, ब्रिटनमध्ये एक सोपा हिशोब वापरतात तो मला फार उपयोगी वाटतो. दर १०० ग्रॅममागे साखर २२.५ ग्रॅमच्या वर म्हणजे जास्त, ५ ग्रॅम किंवा त्याखाली म्हणजे कमी. मीठ १.५ ग्रॅमच्या वर जास्त, ०.३ किंवा त्याखाली कमी. सॅच्युरेटेड फॅट ५ ग्रॅमच्या वर जास्त, १.५ किंवा त्याखाली कमी. लेबलवर मिठाऐवजी सोडियम दिलं असेल तर त्याला अडीचने गुणा म्हणजे मीठ मिळतं. ‘पर सर्व्हिंग’चा रकाना मी बघतच नाही, कारण ते सर्व्हिंग बहुतेक वेळा इतकं छोटं असतं की तेवढ्यावर कुणी थांबत नाही. याच सर्व्हिंगमुळे अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असेल तर लेबलवर ० लिहिता येतं. ट्रान्स फॅट मुख्यतः ज्या तेलातून येतं त्याचं नाव, ‘पार्शियली हायड्रोजनेटेड’, यादीत दिसलं की शून्य वाचूनही ठेवून द्या.

खोबरेल तेलाच्या बाटलीवरही मोठमोठे दावे असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७मध्ये सांगितलं की खोबरेल तेलातलं ८२ टक्के फॅट सॅच्युरेटेड असतं, म्हणजे लोण्यापेक्षाही जास्त, आणि त्याने एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. चवीला म्हणून कधीतरी वापरणं वेगळं आणि हृदयासाठी औषध समजून रोज चमचा चमचा पिणं वेगळं.

ग्लूटेन-फ्रीची, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रोटीन नसलेल्या पदार्थांची, अख्खी भिंत असते या दुकानांत. सिलिअ‍ॅक आजार, ज्यात ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते, साधारण शंभरात एकाला असतो आणि त्या माणसासाठी ही भिंत म्हणजे खरंच मोठी सोय आहे, मला त्याचा आनंदच वाटतो. पण बाकीच्यांसाठी ग्लूटेन-फ्री ब्रेड म्हणजे बऱ्याचदा तांदळाचं पीठ, बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च, फायबर कमी आणि साखर जास्त. आणि हे अगदी महत्त्वाचं, गहू खाल्ल्यावर त्रास होतो अशी शंका असेल तर गहू बंद करायच्या आधी तपासणी करून घ्या. आधी बंद केलं तर रक्ततपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि मग खरं काय ते कळायला परत गहू सुरू करावा लागतो, ते त्या पेशंटसाठी फार त्रासाचं असतं.

ब्रेड घेताना रंगावर जाऊ नका, मळीनेही ब्रेड तपकिरी होतो. मल्टिग्रेन म्हणजे फक्त अनेक धान्यं, ती सगळी पॉलिश केलेलीही असू शकतात. यादीत पहिलं नाव ‘होल’ने सुरू होतंय का बघा आणि १० ग्रॅम कार्बोहायड्रेटमागे निदान १ ग्रॅम फायबर आहे का बघा, तेवढ्याने बरीच चाळणी होते.

वनस्पतीजन्य दुधाबद्दल मोठ्यांची मला फारशी काळजी नाही, पण लहान मुलांची वाटते. एका पेलाभर गाईच्या दुधात साधारण ८ ग्रॅम प्रोटीन असतं, सोया दुधात ७च्या आसपास आणि बदामाच्या दुधात जेमतेम १. कॉफीत घालायला बदामाचं चालेल, पण वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी किंवा फॉर्म्युलाऐवजी यातलं काहीही देऊ नका, आणि मोठ्या मुलांना द्यायचं तर डॉक्टरशी बोलून, कॅल्शियम आणि बी१२ घातलेलं आणि बिनसाखरेचं बघून द्या. फ्रिजमध्ये तिथेच शेजारी कच्चं दूध आणि पाश्चराइज न केलेले रसही असतात काही ठिकाणी. पाश्चरायझेशन म्हणजे नुसतं ठरावीक तापमानाला तापवणं, त्यात रसायन काही घालत नाहीत, आणि त्याने लिस्टेरिया, साल्मोनेला, घातक ई-कोलाय असे जंतू मरतात. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा केमो चालू असलेलं कुणी घरात असेल तर कच्चं दूध आणि कच्चे मोडही नकोत. मोड उबेत आणि ओलीत येतात, जंतूंनाही तेच हवं असतं, तेव्हा नीट शिजवून खा.

झाडावरून आलं म्हणजे निरुपद्रवी हा समज किती धोक्याचा आहे त्याचं एक उदाहरण देते. जर्दाळूच्या कडू बिया काही दुकानांत आरोग्यासाठी म्हणून विकतात, कॅन्सरवर उपाय म्हणूनही सांगतात. त्यात अमिग्डालिन असतं आणि त्यापासून शरीरात सायनाइड तयार होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, ईएफएसएने, २०१६मध्ये सांगितलं की मोठ्या माणसाने एका वेळी तीनपेक्षा जास्त छोट्या बिया खाल्ल्या तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि लहान मुलाला तर एक छोटी बीसुद्धा जास्त होऊ शकते.

आणि यावरूनच त्या रॅकवर येते ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, सप्लिमेंट्स आणि हर्बल गोळ्या. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे. अमेरिकेत १९९४च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणायच्या आधी ते सुरक्षित आणि गुणकारी असल्याची मंजुरी एफडीएकडून घ्यावी लागत नाही, औषधाला लागते तशी. त्रास झाल्याचं समोर आलं की मग कारवाई. इफेड्रा नावाची वनस्पती वजन कमी करायच्या गोळ्यांत वर्षानुवर्षं विकली गेली आणि हार्ट अटॅक, स्ट्रोक, मृत्यू अशा घटना समोर आल्यावर २००४मध्ये तिच्यावर बंदी आली. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती उदासीनतेवर घेतात, ते यकृतातली औषधं पचवणारी यंत्रणा जोरात चालवतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं यांचा परिणाम कमी होतो, आणि डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर वेगळाच गंभीर त्रास होऊ शकतो. ज्येष्ठमध चहात छान लागतो पण रोज भरपूर घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम घटतं. ग्रीन टीचा चहा वेगळा आणि त्याच्या अर्काच्या गोळ्या वेगळ्या, त्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केसांसाठी घेतात ते बायोटिन जास्त मात्रेत असलं तर रक्ततपासण्या चुकवू शकतं, थायरॉइडच्याही आणि हार्ट अटॅक ओळखायला करतात त्या ट्रोपोनिनच्याही, यावर एफडीएने २०१७मध्ये इशारा दिला होता. विचार करा, छातीत दुखतंय म्हणून माणूस दवाखान्यात गेलाय आणि केसांच्या गोळीमुळे रिपोर्ट नॉर्मल येतोय! डिटॉक्सच्या नावाखाली मिळणारा अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल तर पोटातलं औषधसुद्धा स्वतःला चिकटवून घेतो, म्हणजे बीपीची गोळी घेतली आणि वर चारकोलचं सरबत प्यायलात तर गोळीचा उपयोग कमी होऊ शकतो.

म्हणून कळकळीने सांगते, दुकानातला माणूस कितीही प्रेमळ, कितीही अभ्यासू असला तरी आपल्या आजारावर काय घ्यायचं हे त्याला विचारू नका. तुम्ही कुठल्या गोळ्या घेता हे त्याला माहीत नसतं. काही घ्यावंसं वाटलंच तर बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो काढा आणि तो डॉक्टरला किंवा फार्मासिस्टला दाखवा. पूर्ण व्हेगन असाल तर बी१२, गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड, तपासणीत कमी निघालं असेल तर डी किंवा लोह, अशी खरी गरज असते तेव्हा सप्लिमेंट फार उपयोगी पडतं, मी त्याच्या विरोधात नाही. घेताना यूएसपी किंवा एनएसएफसारख्या त्रयस्थ तपासणीची खूण बघा, बाटलीत जे लिहिलंय तेच आणि तेवढंच आहे याची निदान ती खात्री देते.

आता मला ज्यासाठी ही दुकानं खरंच आवडतात ते. सुट्या धान्याचे आणि कडधान्यांचे डबे! त्यांच्यावर काही दावा लिहिलेला नसतो, रंगीत चित्र नसतं, एकच घटक असतो. अख्खे ओट्स, जव, चवळी, मसूर, हरभरे, तीळ, अक्रोड, बदाम, मसाले. साध्या दुकानात न मिळणारी धान्यं इथे मिळतात आणि हवं तेवढंच घेता येतं, नवीन काही करून बघायचं तर मूठभर घ्या, अख्खं पाकीट आणून कपाटात पडून राहत नाही. मी तर आत शिरल्यावर आधी याच बाजूला जाते, मग भाज्या, आणि टोपली तिथेच बऱ्यापैकी भरली की बार आणि चिप्सच्या रांगेत जायची इच्छाच कमी होते.

सुटं घेताना मात्र नाक वापरा. सुकामेवा आणि तेलबिया हवेने, उजेडाने खवट होतात, डबा उघडल्यावर जुन्या तेलाचा वास आला तर घेऊ नका, आणि ज्या डब्यातला माल पटापट खपतो तोच घ्या. जवसाची पूड तर आणूच नका, अख्खं जवस आणा आणि लागेल तसं घरी दळा, दळल्यावर त्यातलं तेल लवकर खराब होतं. नट बटरच्या बरणीवर एक किंवा दोनच घटक हवेत, वर तेल तरंगत असेल तर तो दोष नाही, ढवळलं की झालं. कुणाला शेंगदाण्याची किंवा सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र सुटे डबे पूर्ण टाळा, कारण एकाचा चमचा दुसऱ्यात जातो आणि ते कुठल्याच लेबलवर येत नाही, त्यांच्यासाठी बंद पाकीटच सुरक्षित.

आणि राजमा घेतलात तर एवढं लक्षात ठेवा, कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रोटीन असतं आणि अर्धवट शिजलेल्या थोड्या दाण्यांनीही उलट्या सुरू होतात. निदान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, आणि ताज्या पाण्यात खळखळ उकळा, १० मिनिटं तर हवीतच, एफडीए ३० सांगतं. नुसत्या स्लो कुकरवर टाकू नका, त्याचं तापमान पुरेसं चढत नाही.